माथेरानचे इंजिन, पुठ्ठ्याचे

नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. तिची वाफेची इंजिने पाणी आपल्याच टाक्यांत वाहत. मागे निराळा टेंडर नसे. पनवेलच्या घरी मी आणि नातू त्यांतल्या एका इंजिनाची पुठ्ठ्याची प्रतिकृती करतो आहोत. प्रमाण वीसास एक, म्हणजे ६१० मिलिमीटरचा रूळमार्ग ३०.५ मिलिमीटरचा.

'हा वेळेचा अपव्यय', असे काही स्नेही म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्या अवघड वळणांवर सहा चाके अडत कशी नसत? टोकांच्या दोन्ही धुरा वळणाबरोबर किंचित हलत. ही युक्ती नातवाला पुठ्ठा कापतानाच उमगली. जुनी इंजिने प्रदर्शनात उभी राहतात. त्यांचा आकार दिसतो, युक्ती मात्र विस्मरणात जाते. ती टिकवायची, तर मुलांच्या हाती कात्री, खळ आणि आपला एखादा रविवार द्यायला हवा.