मुखवटा आणि कुलूप

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्यावर बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे दगावली. तिचे खांब किती भार पेलतील, हे तीत राहावयास आलेल्या गरिबांना बाहेरून पाहून कळणे शक्य नव्हते. आज त्याच फाट्यावरून डोंबिवली-कल्याणचे तरुण महाप्याच्या संगणक-कचेऱ्यांत जातात. तेथे उभारल्या जाणाऱ्या इमारती तर दिसतही नाहीत. मात्र सामान्यांच्या ठेवी आणि रुग्णांचे अहवाल त्यांतच राहतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले, तेव्हा ही अदृश्य पडझड किती महाग पडते हे कळून चुकले.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालातील दोष विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर निकृष्ट माल चांगल्यास बाजारातून हुसकावून लावतो. संगणकीय सुरक्षिततेचा बाजार नेमका असाच आहे. म्हणूनच दोष शोधून सांगणारा त्रयस्थ तेथे उपद्रवी नव्हे, उपकारक ठरतो. कूटलेखनशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले. ऑगुस्त केरखॉफ्स यांनी १८८३ सालीच बजावले होते की, कुलपाची रचना शत्रूस कळली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

आपली व्यवस्था मात्र रचना झाकण्यातच सुरक्षितता मानते. हैदराबादचे तंत्रज्ञ हरिप्रसाद यांनी २०१० साली परदेशी सहकाऱ्यांसह मतदान यंत्रातील उणिवा प्रसिद्ध केल्या. ते यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीस गेल्याचा आरोप ठेवून मुंबई पोलिसांनी ऑगस्टमध्ये त्यांना अटक केली. यंत्र देणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही. यंत्र कोठून आले हा प्रश्न गैर नव्हता. परंतु त्याच्या गदारोळात यंत्रात काय आढळले हा प्रश्न मागे पडला.

असा अनुभव पाहून एखाद्या शोधकाने मुखवट्याआडून बोलणे पसंत केले, तर नवल ते काय? पाश्चात्त्य देशांत ‘फरी’ नावाचा एक समुदाय आहे. कोल्हा, लांडगा अशा प्राण्याचे रूप व नाव घेऊन ही मंडळी परस्परांत वावरतात; काही जण केसाळ पोशाखही चढवितात. संगणक-सुरक्षेचे कितीतरी जाणकार या समुदायात आहेत. त्यांची कुचेष्टा पुष्कळ होते. पण ज्याला आपले खासगी जीवन कुचेष्टेपासून जपावे लागते, त्याला गुप्ततेचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे नाचविणाऱ्या आणि जयवंत दळवींची टीका ‘ठणठणपाळ’ या नावाने चवीने वाचणाऱ्या महाराष्ट्राने तरी मुखवट्यास बिचकू नये. गणिताची सिद्धता मांडणाऱ्याच्या चेहऱ्यावर अवलंबून नसते.

संशोधनाच्या नावाखाली चोरही शिरतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय मर्यादा आखण्याचा आहे, मुस्कटदाबीचा नव्हे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अप्रामाणिक हेतूस शिक्षा सांगते हे खरे. परंतु परवानगीविना संगणकात शिरणाऱ्यावर कलम ४३ नुसार भरपाईचा बोजा पडू शकतो आणि सद्हेतूने केलेल्या संशोधनास त्यात स्पष्ट अपवाद नाही. तो अपवाद संसदेने घालावा. शोधकाने कोणाच्या माहितीस हात लावू नये, दोष प्रथम मालकास कळवावा, दुरुस्तीस वाजवी मुदत द्यावी आणि मगच तो जाहीर करावा. एवढे पाळणाऱ्यास, त्याने टोपणनाव घेतले असले तरी, संरक्षण मिळावे.

भिंतीला तडा गेला आहे असे सांगणाऱ्याचे नाव-गाव विचारण्याआधी भिंत पाहावी. शीळफाट्याने याहून वेगळे काय शिकविले?