गीझरला तकदीर म्हणू नका

थंडीत बाथरूममध्ये कुणी कोसळलं की आपल्या मोहल्ल्यात दोनच निदानं होतात. हार्ट अटॅक, नाही तर अल्लाहची मर्जी. जोहरच्या आत मय्यत उठते. पोस्टमॉर्टेमचं नाव काढणाऱ्याकडे लोक असे बघतात, जणू खून त्यानेच केला. आणि बंद बाथरूममधला गॅस गीझर भिंतीवर तसाच राहतो, पुढच्या भाडेकरूसाठी.

या गीझरची ज्योत खोलीतली हवा खाते. खिडकी बंद असली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. याला वासही नाही, रंगही नाही. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे गॅस नव्हता' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य साफ चुकीचं आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, कडीपर्यंत हात पोचत नाही.

रक्त तपासलं तर हे कळतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे अपघाती मृत्यूची चौकशी पोलिसांनी करायची असते, पण त्यांना कळवलंच नाही तर चौकशी कसली? कायद्याची गरज असेल तेव्हा शवविच्छेदनाला मुभा देणारे उलेमाही आहेत. मग धर्माच्या नावावर घाई कुणाच्या सोयीची? घरमालकाच्या!

घरमालक आधार कार्ड मागतो, पोलीस पडताळणी मागतो, डिपॉझिट तर मागतोच. गीझर कुठे बसवलाय, हे मात्र कुणी विचारत नाही. मुसलमान भाडेकरूला मुळात घर मिळताना मारामार, म्हणून तोही गप्प. बाथरूमला बाहेरची हवा देणारी खिडकी हवी, असं बांधकाम नियम सांगतात. आपण थंडी लागते म्हणून तिला थर्माकोल लावतो.

मशीद कमिट्या वुजूच्या गरम पाण्यासाठी वर्गणी काढतात, चांगलंच आहे. त्याच कमिटीने चार पोरं घेऊन एका रविवारी मोहल्ल्यातली बाथरूम बघावीत. गीझर आत दिसला तर तो बाहेरच्या मोकळ्या हवेत हलवायला लावावा, आत फक्त पाण्याची नळी. भाडेकराराच्या नूतनीकरणात ही अट लिहूनच घ्या. तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच गुस्लला आत जा.