रॉक संगीत व स्वस्त हेडफोन : एक विचार

सायंकाळच्या वेळीं आमच्या गारखेड्यांत सूतगिरणी चौकापासून विभागीय क्रीडा संकुलापर्यंत कोणीही सहज एक फेरी मारून यावें. कानाला इअरफोन किंवा हेडफोन लावलेलीं मुलें जागोजाग दिसतील. कोणी अभंग ऐकत असेल, कोणी चित्रपटांतील गाणीं, कोणी शिकवणीचा धडा. आणि त्यांतच रॉक संगीताचे भोक्तेही पुष्कळ आढळतील. या शेवटच्या मंडळींच्या घरीं एक वाद नेहमीं चालू असतो. मुलगा म्हणतो, "चांगला हेडफोन घेऊन द्या." आई म्हणते, "कान बधिर होतील." वडील म्हणतात, "दीड हजार रुपयांच्या वर एक पै मिळणार नाहीं." या तिघांचें म्हणणें परस्परविरुद्ध वाटतें खरें, परंतु आमच्या मतें तें तसें नाहीं. जो हेडफोन रॉक संगीताला खरोखर योग्य, तोच कानाला कमी घातक. आणि नीट पारख केली तर तो दीड हजारांतही मिळूं शकतो. हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पालकवर्गाच्या मनांतील एक आक्षेप घेऊं. रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट. त्याच्यापायीं पैसा कशाला खर्चावा, असें पुष्कळांस वाटतें. त्यांस आपल्याच महाराष्ट्रांतील एक हकीकत सांगावीशी वाटते. सातारा जिल्ह्यांत पांचगणी येथें सेंट पीटर्स नांवाची शाळा आहे. झांजीबारहून आलेला फर्रूख बलसारा नांवाचा एक पारशी विद्यार्थी तेथील वसतिगृहांत राहत असे. १९५८ सालीं त्यानें आपल्या सोबत्यांसह 'द हेक्टिक्स' नांवाचा एक वाद्यवृंद काढिला. त्यांत तो पियानो वाजवी. हाच मुलगा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगप्रसिद्ध झाला. १९७० सालीं इंग्लंडांत स्थापन झालेल्या 'क्वीन' या रॉक वाद्यवृंदाचा तो प्रमुख गायक होता. त्या मंडळींचें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें १९७५ सालचें गीत ऐकावें. त्याच्या मध्यभागीं मोठा गायकसमूह गात असल्याचा भास होतो. वस्तुतः तिघांनींच आपापले आवाज पुनःपुन्हां ध्वनिमुद्रित करून ते एकावर एक रचले आहेत. ज्या संगीतांत एवढी कारागिरी आहे, तें गोंगाटासारखें कां वाटावें? ऐकणाराची नावड हें एक कारण असेल. परंतु दुसरें कारण असें कीं, तें बहुधा वाईट साधनांतून ऐकलें जातें.

हें दुसरें कारण समजण्यास रॉक संगीताची घडण थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकूं येतात. बास गिटारची सर्वांत खर्जाची तार सेकंदाला सुमारें ४१ कंपनें करते. साध्या गिटारची सुमारें ८२. त्यांवर ड्रमचे ठोके, दोन-दोन गिटारींचे कर्कश म्हणून हेतुपुरस्सर घडविलेले सूर, आणि या सर्वांतून वाट काढणारा गायकाचा कंठ! गिटार आणि कंठ या दोहोंचा मुख्य भाग स्वरांच्या मधल्या पट्ट्यांत येतो. म्हणून तेथें मोठी दाटी होते. चांगला हेडफोन त्या दाटींतही प्रत्येक वाद्य निराळें ऐकवितो. वाईट हेडफोन सर्वांचा काला करून टाकतो.

आतां बाजारांत काय दिसतें तें पाहा. पुष्कळ स्वस्त हेडफोनांच्या खोक्यांवर 'एक्स्ट्रा बास' अशीं ठळक अक्षरें छापलेलीं असतात. दुकानांत अर्धा मिनिट ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला घुमारा लगेच जाणवतो आणि तो फसतो. भजनांत डग्ग्याचा आवाज इतका चढवावा कीं पेटीचे सूर आणि अभंगाचे शब्द त्यांत बुडून जावे, तशांतलाच हा प्रकार होय. घरीं आल्यावर मुलाला गिटार ऐकूं येत नाहीं, शब्द कळत नाहींत. म्हणून तो आवाज वाढवितो. परंतु आवाज वाढविला म्हणजे घुमाराही त्याबरोबर वाढतो; म्हणून तो आणखी वाढवितो. पैसा गेला, संगीतही नीट ऐकावयास मिळालें नाहीं, आणि कानावर भार मात्र पडला! आईची भीति आणि मुलाचा असंतोष हीं दोन्हीं एकाच वाईट खरेदींतून उत्पन्न झालीं, हें येथें स्पष्ट दिसेल.

आईची भीति अनाठायीं नाहीं, हेंही विद्यार्थिमित्रांनीं नीट समजून घ्यावें. आपल्या अंतर्कर्णांत ध्वनीची संवेदना ग्रहण करणाऱ्या सुमारें पंधरा हजार अतिसूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदां नष्ट झाल्या म्हणजे पुन्हां उत्पन्न होत नाहींत. त्यांवर औषध नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें यासाठीं आठवड्याचा हिशेब घालून दिला आहे. ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. ९० डेसिबेलचा केवळ ४ तास. आणि १०० डेसिबेलचा फक्त २० मिनिटें. मुलांसाठीं तर ४० तासांस ८० नव्हे, ७५ डेसिबेल अशी अधिक कडक मर्यादा तिनें सुचविली आहे. आमच्या शहरांतील पुष्कळ पालक वाळूज व चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींत काम करतात. यंत्रांच्या खडखडाटांत कानांत बोळे घालावे लागतात, हें त्यांस निराळें सांगावयास नको. परंतु कारखान्यांत बापानें कान जपावे आणि त्याच वेळीं घरीं मुलानें ते झिजवावे, ही विसंगति कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

रॉक संगीताच्या थोर वादकांसही हा धडा महागांत पडला आहे. 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड यानें २००६ सालीं जाहीर रीतीनें सांगितलें कीं, आपल्या श्रवणशक्तीची जी हानि झाली, ती मुख्यतः ध्वनिमुद्रणगृहांत कानाला लावलेल्या हेडफोनमुळें झाली. ज्याचें सारें आयुष्य प्रचंड ध्वनिवर्धकांसमोर गेलें, त्यानेंच हेडफोनविषयीं असें सांगावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तेव्हां हेडफोन निवडण्याची आमची कसोटी एकच आहे : ज्यांतून कमींत कमी आवाजावर सर्व वाद्यें स्पष्ट ऐकूं येतात, तो चांगला. वरील हिशेबच पाहा. ९० डेसिबेलवरून ८० वर उतरलें कीं चार तासांचे चाळीस तास होतात. ज्या मुलाला आपलें आवडतें संगीत पुष्कळ वेळ आणि पुष्कळ वर्षें ऐकावयाचें आहे, त्याला याहून मोठा लाभ कोणता?

या कसोटीवरून कांहीं गोष्टी सहज ठरतात. पहिली गोष्ट, पैसे थोडे असतील तर तारेचा हेडफोन घ्यावा. हेडफोनांत मूळ काम करणारीं अंगें तीनच : एक चुंबक, एक तारेचें वेटोळें आणि एक पातळ पडदा. बिनतारी हेडफोनाच्या किंमतींत यांखेरीज बॅटरी, ब्लूटूथचा ग्राहक आणि डबी यांचाही खर्च येतो. शिवाय कांहीं वर्षांनीं बॅटरी थकली कीं चांगला पडदाही वायां जातो. तारेच्या हेडफोनांत तेवढाच रुपया आवाजावर खर्च होतो. मात्र फोनला तारेचें छिद्र आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. पुष्कळ नव्या फोनांना तें नसतें, आणि मग जोडणीसाठीं एक लहान तुकडा निराळा घ्यावा लागतो. तार बहुधा पिनेजवळच तुटते; म्हणून तो जोड मजबूत आहे कीं नाहीं, किंवा तार सुटी करून बदलतां येते कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

दुसरी गोष्ट, तो कानाला नीट बसला पाहिजे. कानांत घालावयाच्या इअरफोनाबरोबर लहान, मध्यम व मोठे असे रबरी बोंडांचे जोड बहुधा मिळतात. ते सर्व लावून पाहावे. बोंड सैल असेल तर खर्जाचे स्वर बाहेर गळून जातात आणि रस्त्यावरचा गलबला आंत शिरतो. मग आवाज वाढविण्यावांचून गति राहत नाहीं. कान झांकणारा हेडफोन घेणें असल्यास बंद पाठीचा घ्यावा. उघड्या पाठीचा हेडफोन निवांत खोलींत फार गोड वाजतो. परंतु ज्या घरीं शेजारीं कुकरच्या शिट्या, खालीं रिक्षांचे कर्णे आणि समोर लग्नाची वरात, तेथें त्याचा उपयोग थोडा.

तिसरी गोष्ट, खोक्यावरील आंकड्यांस भुलूं नये. '२० ते २०,०००' हा आंकडा चांगल्यावाईट सर्वच खोक्यांवर असतो; तो पट्टा किती समतोल वाजतो, हें त्यावरून कळत नाहीं. पडदा किती मिलिमीटरचा आहे, यावरूनही आवाजाची प्रत ठरत नाहीं. जाहिरातींत कोणता नट अथवा क्रिकेटपटु उभा आहे, यावरून तर नाहींच नाहीं.

चौथी गोष्ट, आपल्या पूर्ण परिचयाचें एक गीत बरोबर न्यावें. पैठण गेटला जा किंवा सिडकोंतील कॅनॉटला जा, ऐकूं देणारें दुकान शोधावें. तें न मिळाल्यास मित्राचा हेडफोन मागून घेऊन परीक्षा करावी. फोनचा आवाज निम्म्याहून कमी ठेवावा आणि स्वतःस चार प्रश्न विचारावे. बास गिटार आणि मोठा ड्रम हे दोन निराळे ऐकूं येतात काय? गायकाचे शब्द कळतात काय? झांजांचा आवाज कानाला टोंचतो काय? आणि दहा मिनिटांनीं कान दुखतात काय? पहिल्या दोहोंस 'होय' आणि शेवटच्या दोहोंस 'नाहीं' असें उत्तर आलें, तर तो हेडफोन कोणत्याही कंपनीचा असो, खुशाल घ्यावा.

यावर कोणी म्हणेल कीं, बाहेरचा गलबला यंत्रानेंच नाहींसा करणारे हेडफोन निघाले आहेत. ते कां घेऊं नयेत? ते उपयोगी आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पैसे मुबलक असतील त्यानें अवश्य घ्यावे. परंतु दीड हजारांत ती सोय आणि उत्तम आवाज अशीं दोन्हीं मिळण्याचा संभव थोडा. आणि घरीं बसून ऐकणाराचें काम नीट बसलेल्या बोंडानेंही बरेंच भागतें. जालना रस्त्यावर सायकल चालवितांना किंवा रस्ता ओलांडतांना तर कोणताच हेडफोन कानाला असूं नये. तेथें मागून येणाऱ्या गाडीचा कर्णा हेंच ऐकण्यासारखें संगीत!

शेवटीं पालकवर्गास एक विनंति. हेडफोन घेण्यास मुलाला एकट्याला धाडूं नये. आपणही बरोबर जावें आणि विकत घेण्यापूर्वीं तो एकदां स्वतःच्या कानाला लावून पाहावा. त्यांतून वाजणारें गीत आपणांस कदाचित् आवडणार नाहीं. पण त्यांतील गिटार कोणती आणि कंठ कोणता, हें कमी आवाजावरही आपणांस ओळखतां आलें, तर पैसे सत्कारणीं लागले असें समजावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही एक गोष्ट मान्य करावी : घरांतून आईनें साध्या आवाजांत हांक मारली असतां ती तुम्हांस ऐकूं आली पाहिजे. ती ऐकूं येत नसेल, तर हेडफोन बदलण्यापूर्वीं आवाज कमी करावा.