रोज एक पान तालमुदाचे

रोज एक पान वाचून सुमारे साडेसात वर्षांत तालमूद हा महाग्रंथ पूर्ण करण्याचा उपक्रम जगभरातील ज्यू समाजात शंभर वर्षांहून अधिक काळ सुरू आहे. ‘दाफ योमी’, म्हणजे ‘दिवसाचे पान’, या नावाने तो ओळखला जातो. त्याचे चौदावे आवर्तन ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले असून वेळापत्रकानुसार ७ जून २०२७ हा त्याचा अखेरचा दिवस आहे. दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानापासून पुन्हा प्रारंभ होतो आणि नव्याने सामील होणाऱ्यांसाठी तीच स्वाभाविक वेळ मानली जाते. रायगड जिल्ह्याला हा विषय परका म्हणता येणार नाही. याच जिल्ह्यात वाढलेल्या बेने इस्रायल समाजाला तालमुदाशी असलेल्या दुराव्याची किंमत एकदा मोजावी लागली आहे.

वादांचा ग्रंथ

तालमूद हे एका लेखकाचे पुस्तक नव्हे. इ. स. २००च्या सुमारास यहुदा हनासी यांनी मौखिक धर्मनियमांचे संकलन केले; ते ‘मिश्ना’. त्यावर बॅबिलोनियातील विद्यापीठांत पुढील सुमारे तीन शतके जी चर्चा झाली, ती ‘गेमारा’. दोन्ही मिळून बॅबिलोनी तालमूद होतो. त्याची भाषा हिब्रू आणि अरामी अशी मिश्र आहे. व्हेनिस येथे डॅनियल बाँबर्ग यांनी १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमूद छापला. त्यांची पृष्ठरचना आजही प्रमाण आहे. मध्यभागी मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातील राशी यांचे भाष्य आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या नंतरच्या पंडितांच्या टिपा, असे प्रत्येक पान दिसते. अशी २,७११ पाने आहेत आणि पान म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजू.

पूर्वपक्ष आणि सिद्धान्त या पद्धतीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला तालमुदाची मांडणी ओळखीची वाटेल. एक आचार्य मत मांडतो, दुसरा आक्षेप घेतो, तिसरा दोहोंच्या शब्दांतील भेद दाखवितो. फरक इतकाच, की येथे सिद्धान्त हाती येईलच असे नाही. फेटाळले गेलेले मतही आदराने जपले जाते आणि कित्येक वाद ‘निर्णय नाही’ असे नोंदवून सोडून दिले जातात. त्यामुळे उत्तरे पाठ करण्यासाठी आलेल्या नवशिक्याची येथे निराशा होते. या ग्रंथाला प्रस्तावनाही नाही. वाचक थेट चालू असलेल्या वादात जाऊन पडतो.

पोलंडमधील तरुण रब्बी मेइर शपीरो यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेत रोज एका पानाची कल्पना मांडली आणि ११ सप्टेंबर १९२३ रोजी, ज्यू नववर्षदिनी, पहिले आवर्तन सुरू झाले. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात गेलेल्या ज्यू माणसाला त्या दिवशी तेच पान उघडून बसलेला दुसरा माणूस भेटावा, हे या कल्पनेचे मर्म होते. १ जानेवारी २०२० रोजी तेराव्या आवर्तनाच्या समारोपासाठी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या स्टेडियममध्ये सुमारे ९० हजार लोक जमले, यावरून तिचा विस्तार ध्यानात येतो.

दुराव्याची किंमत

बेने इस्रायलांचा इतिहास या साऱ्या प्रवाहाबाहेर घडला. समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ समुद्रात गेले. घाण्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सुंता, शब्बाथ, काही सण, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना एवढेच त्यांच्याजवळ उरले होते, असे ही परंपरा सांगते. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू पंडिताने त्यांना ओळखून धर्मशिक्षण दिले, असेही मानले जाते. मुंबईतील पहिले सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. त्याला लोक मशीदच म्हणत आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगितले जाते.

धर्म टिकला, परंतु तालमुदातील विवाह व घटस्फोटाचे तपशीलवार कायदे या समाजापर्यंत फार उशिरा पोहोचले. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला जाऊ लागला, तेव्हा नेमका हाच मुद्दा पुढे आला. तालमुदी कायद्यानुसार विधिवत घटस्फोटपत्र न घेता पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांवर आणि त्यांच्या वंशजांवर विवाहाबाबत कठोर निर्बंध येतात. मग पिढ्यान्‌पिढ्या हे नियम ठाऊकच नसलेल्या समाजाचे काय, असा प्रश्न काही रब्बींनी केला. १९६१ मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने अशा विवाहांना तत्त्वतः मान्यता दिली. तथापि १९६२ च्या निर्देशांनी वधू-वरांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरविली. या अपमानाविरुद्ध बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि त्यानंतर निर्देशांतून समाजाचे नाव वगळले गेले.

या प्रकरणाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. ग्रंथाविना धर्म जपणाऱ्या समाजावर ग्रंथाच्या आधारे संशय घेणे अन्यायाचे होते, हे उघड आहे. मात्र ज्या शास्त्राच्या आधारे आपला न्याय होतो ते स्वतः वाचता येणे ही केवळ भक्तीची बाब नाही, हेही त्यातून दिसले. शास्त्र ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याने केलेला अर्थ मान्य करावा लागतो.

कर्जत-खालापूरचे अंतर

रायगडातील ज्यू वस्ती प्रामुख्याने किनाऱ्याच्या बाजूची. रेवदंडा, अलिबाग, पनवेल आणि पेण येथील सिनेगॉग एकोणिसाव्या शतकातील आहेत. कर्जत आणि खालापूर हे घाटाखालचे तालुके या पट्ट्याच्या आतल्या अंगाला येतात. येथून सिनेगॉगला जायचे तर रस्त्याने पनवेल किंवा पेण, नाहीतर रेल्वेने ठाणे गाठावे लागते. ज्यू सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. स्थलांतरानंतर भारतात काही हजारच ज्यू उरले असताना आतल्या तालुक्यांत दहा जण जमविणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे.

अध्ययनाला मात्र दहा जणांची अट नाही. एक सोबती असला तरी पुरते, आणि तो दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकालाही असू शकतो. रब्बी आदिन स्टाइनसाल्ट्झ यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ पासून ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल्वेत प्रवासी रोजच्या गाडीत तालमुदाचा वर्ग भरवीत आले आहेत. कर्जत लोकलच्या डब्यातील भजनी मंडळे पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये. रोजच्या प्रवासाचा वेळ नेमाला देण्याची ही रीत मध्य रेल्वेवर जुनी आहे.

अर्थात उपक्रमाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. एक पान जाणत्या शिक्षकासह वाचायलाही पाऊण ते एक तास लागतो. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पाने समोर येतात. या वेगाने होणारे वाचन वरवरचे ठरते, हा आक्षेप ज्यू पंडितांमध्येच जुना आहे. कर्जत-खालापूरच्या गावांतून होणाऱ्या सप्ताहांमुळे पारायण आणि अभ्यास यांतला भेद येथील लोकांना चांगला ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीचे सात दिवसांचे पारायण आणि एका ओवीवर रंगणारे निरूपण या दोहोंना आपापले स्थान आहे. दाफ योमी पारायणाच्या बाजूला झुकते. म्हणूनच नवशिक्यांसाठी रोज मिश्नाची दोन वचने वाचण्याचा सोपा क्रमही आखला गेला आहे. पूर्वी हे शिक्षण पुरुषांपुरतेच मानले जाई. तीही स्थिती बदलली असून जानेवारी २०२० मध्ये जेरुसलेम येथे स्त्री अभ्यासकांचा स्वतंत्र समारोप मोठ्या उपस्थितीत झाला.

मराठीचा धागा

खरी अडचण भाषेची आहे. एकोणिसाव्या शतकात या समाजाला शिकवू इच्छिणाऱ्यांनी मराठीचा आधार घेतला होता. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण दिले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची ‘हगादा’ मराठी अनुवादासह छापली गेली आणि १८८० च्या सुमारास बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. संपूर्ण तालमूद मात्र मराठीत आलेला नाही. आजचा नवशिका इंग्रजीतून किंवा हिब्रूतून शिकतो आणि घरातील मराठी बोलणारी ज्येष्ठ माणसे त्या अभ्यासाबाहेर राहतात.

२,७११ पानांचा अनुवाद ही अवास्तव अपेक्षा ठरेल. ‘बेराखोत’ हा पहिला खंड मात्र अवघ्या ६३ पानांचा, म्हणजे ६३ दिवसांचा आहे. तेवढ्याचे मराठी सार्थ वाचन तयार झाले तरी नवशिक्यासाठी दार उघडेल. या खंडाची पहिलीच ओळ संध्याकाळची ‘शेमा’ कोणत्या वेळेपासून म्हणावी, असे विचारते. ग्रंथ गमावल्यावरही कोकणातल्या घाणेवाल्यांनी विसरू दिली नाही, असे परंपरा सांगते, ती हीच प्रार्थना. तालमुदाच्या पहिल्या पानाशी रायगडचा नवशिका त्यामुळे अगदीच रिकाम्या हाताने जात नाही. पुढची पाने त्याला आपल्या भाषेत समजावून देण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.