वाढीव पतमर्यादा : केवळ संमती पुरेशी नाही

‘अभिनंदन! आपल्या उत्तम व्यवहारामुळे आपण वाढीव पतमर्यादेस पात्र ठरला आहात.’ क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्या बहुतेकांना अशा आशयाचा संदेश केव्हा ना केव्हा आलेला असतो. दीड लाखाची मर्यादा अडीच लाखांवर जाणार असते. त्यासाठी ना कागदपत्रे लागतात, ना शुल्क; भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी भरला की काम झाले. संदेशाची भाषा बक्षिसाची असली, तरी प्रत्यक्षात तो कर्जाच्या करारात केलेला बदल असतो. एखाद्या कुटुंबाने एक लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज मागितले, तर उत्पन्नाचा पुरावा, चालू हप्ते आणि परतफेडीची मुदत यांची विचारपूस होते. तेवढ्याच रकमेचे, पण कितीतरी अधिक व्याजाचे कर्ज काढण्याची मुभा मात्र काही सेकंदांत दिली जाते.

देशातील वापरातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४च्या प्रारंभी दहा कोटींच्या पुढे गेली. बँकांच्या एकूण कर्जात या थकबाकीचा वाटा दोन टक्क्यांहून कमी आहे, त्यामुळे बँकिंग व्यवस्थेला यातून तातडीचा धोका आहे, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो कुटुंबांच्या अर्थव्यवहाराचा. कार्डाची पतमर्यादा कोण ठरवते, कोणत्या निकषांवर वाढवते आणि त्या निर्णयाची जबाबदारी कोणाकडे असते, यावर आपल्याकडे फारशी सार्वजनिक चर्चा झालेली नाही.

पहिली मर्यादा ठरवताना कार्ड देणारी संस्था साधारणपणे अर्जदाराचे उत्पन्न, नोकरीचे स्वरूप, चालू हप्ते आणि ३०० ते ९०० या पट्टीवरील पतगुणांक पाहते. ज्याचा कोणताही पतइतिहास नाही, त्याला अनेकदा मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड दिले जाते आणि त्याची मर्यादा ठेवीच्या रकमेशी बांधलेली असते. याउलट, ज्याच्याकडे दुसऱ्या बँकेचे कार्ड आधीच आहे, त्याला केवळ त्या कार्डाची मर्यादा पाहून नवे कार्ड देण्याचीही पद्धत आहे. एका बँकेचा अंदाज दुसऱ्या बँकेसाठी पुरावा ठरतो. पहिला अंदाज चुकला असेल, तर ती चूक दुसरीकडे तशीच उतरते आणि तिच्या आधारे तिसरे कार्डही मिळू शकते.

मर्यादावाढीचा निर्णय याहून वेगळा असतो. आता बँकेपाशी ग्राहकाच्या वागणुकीची नोंद असते: तो मर्यादेचा किती भाग वापरतो, कुठे खर्च करतो, देयक पूर्ण भरतो की थोडे. या माहितीवरून ग्राहक पैसे बुडवण्याची शक्यता किती, हे बँकेला बऱ्यापैकी अजमावता येते. परंतु बुडवण्याची शक्यता कमी असणे आणि कर्ज झेपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरमहा किमान देय रक्कम वेळेवर भरणारा ग्राहक नोंदींमध्ये ‘नियमित’ असतो. त्याच्या नावावर थकीत हप्ता दिसत नाही. तो पगारातून भरतो आहे, की दुसऱ्या कार्डावरून उचल करून, हे त्या नोंदीत लगेच उमटत नाही.

व्यवसायाचे गणित इथे महत्त्वाचे ठरते. जो ग्राहक देयक दरमहा पूर्ण फेडतो, त्याच्याकडून बँकेला मुख्यतः दुकानदाराने मोजलेल्या शुल्कातील वाटा मिळतो. जो थकबाकी पुढे ढकलतो, त्याच्याकडून व्याज मिळते. आणि अनेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक असते. साहजिकच, पैसे बुडवणार नाही पण लगेच पूर्ण फेडणारही नाही, असा ग्राहक सर्वांत किफायतशीर असतो. मर्यादा वाढवण्यामागे हाच एक हिशेब असतो, असा आरोप करण्याचे कारण नाही. पण बँकेचे हित आणि ग्राहकाचे हित इथे आपोआप जुळत नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

थोडे आकडे मांडले, म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. समजा, कार्डावर एक लाख रुपयांची थकबाकी आहे आणि मासिक व्याज साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे आणखी ६३० रुपये. इतर बहुतेक कर्जांच्या व्याजाला या करातून सूट आहे; कार्डावरील व्याजाला ती नाही. देय रक्कम झाली १,०४,१३० रुपये. किमान देय रक्कम पाच टक्के धरली, तर ग्राहक भरतो सुमारे ५,२०७ रुपये आणि कर्ज कमी होते केवळ १,०७७ रुपयांनी. नवा एक रुपयाही खर्च न करता त्याने वर्षभर असेच भरले, तर त्याच्या खिशातून जातात जवळपास ५९,००० रुपये आणि डोक्यावर उरतात सुमारे ८८,००० रुपये. या बारा महिन्यांत तो एकदाही थकबाकीदार ठरत नाही. बँकेच्या दृष्टीने त्याचे खाते निर्दोषच राहते.

मर्यादा वाढवली म्हणून ग्राहकाने ती वापरलीच पाहिजे असे कुठे आहे, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो तर्काला पटणारा आहे, पण अनुभव त्याला साथ देत नाही. डेव्हिड ग्रॉस आणि निकोलस सुलेलेस या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील हजारो कार्डखात्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवून दिले, की मर्यादा वाढताच कर्जही वाढते. आणि जे ग्राहक जुन्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचलेले नव्हते, त्यांच्या बाबतीतही असे घडते. मर्यादेचा आकडा हा ग्राहकाला आपल्या ऐपतीविषयी मिळालेला संकेत वाटतो. ‘बँकेने एवढी पत दिली आहे, म्हणजे आपल्याला एवढे झेपत असणार,’ असे तो मानतो. बँकेने मात्र त्याच्या कुटुंबाचे अंदाजपत्रक कधी पाहिलेलेच नसते.

रिझर्व्ह बँकेने या क्षेत्रात काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनी न मागितलेले कार्ड देण्यास मनाई केली. असे कार्ड ग्राहकाच्या संमतीविना सुरू करून त्याचे शुल्क लावले, तर ते परत करण्याबरोबरच त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला देण्याचे बंधन घातले. पतमर्यादा वाढवण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती अनिवार्य केली. ग्राहकाच्या अन्य कार्डांवरील मर्यादा लक्षात घेऊनच आपली मर्यादा ठरवावी, असेही सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्डकर्जांचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के करण्यात आला. जानेवारी २०२५ पासून कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांना महिन्याऐवजी दर पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले. या साऱ्या उपायांची दिशा योग्यच आहे.

तरीही दोन मोठ्या फटी राहतात. पहिली संमतीची. नियमाने ‘स्पष्ट संमती’ मागितली. पण ती कोणत्या परिस्थितीत, कोणत्या माहितीच्या आधारे द्यायची, हे सांगितले नाही. प्रस्ताव बँकेचा, आकडा बँकेचा, शब्दरचना अभिनंदनाची आणि कळ एकच. अशी संमती कायद्याच्या कसोटीला उतरते, विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाच्या कसोटीला नाही. कार्डाचा अर्ज नाकारला, तर त्याची कारणे ग्राहकाला लेखी कळवावी लागतात. मर्यादा लाखाने वाढवली, तर मात्र ती कोणत्या आधारावर वाढवली आणि ती पूर्ण वापरल्यास दरमहा किती भरावे लागेल, हे सांगण्याची गरज पडत नाही.

दुसरी फट भांडवलाची आहे. वाढीव जोखीमभार लागू होतो तो प्रत्यक्ष थकबाकीला. मंजूर झालेली पण न वापरलेली मर्यादा बँक कधीही रद्द करू शकते, या कारणास्तव आतापर्यंतच्या भारतीय नियमांत तिच्यासाठी भांडवल राखावे लागलेले नाही. बासेल समितीने २०१७ मध्ये अंतिम केलेल्या चौकटीत अशा मर्यादांचा दहा टक्के भाग जोखमीत धरावा, असे म्हटले आहे. मर्यादा देणे बँकेला जवळजवळ फुकट पडत असेल, तर ती सढळ हाताने दिली जाणारच. शिवाय ‘कधीही रद्द करता येते’ या शब्दांचा दुसरा अर्थ असा, की उत्पन्न आटते आणि ग्राहकाला उसनवारीची खरी निकड असते, नेमक्या त्याच वेळी ती मर्यादा आक्रसू शकते. ‘अडीअडचणीला कामी येईल’ म्हणून स्वीकारलेल्या मोठ्या आकड्यावर कुटुंबाने फार विसंबून राहू नये, ते यासाठीच.

हा मुद्दा आता अधिक निकडीचा झाला आहे, तो सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे. कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये ठरवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. व्याजदराचे नियमन हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकारातील विषय आहे, ही न्यायालयाची भूमिका होती. संस्थांच्या अधिकारविभागणीच्या दृष्टीने ती समजण्याजोगी आहे. परंतु तिचा परिणाम असा, की दराला आकड्यातील कमाल मर्यादा उरली नाही. कर्जाच्या किमतीवर बंधन नसेल, तर कर्जाच्या रकमेवरील बंधन अधिक काटेकोर असायला हवे.

हे कसे साधायचे, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तेथे २०१२ मध्ये ग्राहकाच्या पूर्वसंमतीविना मर्यादावाढीची निमंत्रणे पाठवण्यास मनाई करण्यात आली. ते अपुरे ठरल्यावर २०१८ मध्ये संमतीची पळवाटही बंद करून बँकेने स्वतःहून अशी निमंत्रणे पाठवण्यावर बंदी आली. ग्राहकाला मर्यादा वाढवून हवी असेल, तर त्याने ती स्वतः मागायची. शिवाय जानेवारी २०१९ पासून मर्यादा ठरवताना बँकेने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा ग्राहक संपूर्ण मर्यादा वापरून बसला, तर तीन वर्षांत ती फेडू शकेल का? किमान देय रक्कम भरण्याची क्षमता ही कसोटी उरलीच नाही. दक्षिण कोरियाने उलटा धडा गिरवला. आशियाई आर्थिक संकटानंतर खप वाढवण्यासाठी तेथील सरकारने कार्डवापराला करसवलती दिल्या आणि कार्डावरून रोख उचलण्याची मर्यादा काढून टाकली. २००३ मध्ये तो फुगा फुटला, लाखो लोक थकबाकीदार झाले आणि सर्वांत मोठ्या कार्ड कंपनीला धनकोंनी वाचवावे लागले. भारत त्या टोकाला पोहोचलेला नाही. म्हणूनच नियम नीट बसवण्याची ही वेळ आहे.

याला होणारा आक्षेपही गंभीर आहे. कठोर निकष लावले, तर त्यांचा फटका पगाराची पावती नसलेल्यांना बसेल: छोटे व्यावसायिक, हंगामी उत्पन्नाचे लोक, पहिल्यांदाच औपचारिक कर्जव्यवस्थेत येणारे तरुण. ते पुन्हा खासगी सावकाराच्या दारात जातील. दरमहा पूर्ण फेडणाऱ्या ग्राहकाला मोठी मर्यादा उपयोगीही असते. वापराचे प्रमाण कमी दिसल्याने त्याचा पतगुणांक सुधारतो. हे खरे आहे. पण झेपेल एवढेच कर्ज द्यावे, ही अट म्हणजे कर्ज नाकारणे नव्हे. उत्पन्न पगाराचे नसले, तरी ते आता तपासता येते. ग्राहकाच्या परवानगीने बँक खात्यांतील माहिती सुरक्षितपणे देणारी ‘अकाउंट अॅग्रीगेटर’ व्यवस्था २०२१ पासून कार्यरत आहे. कर्ज विकण्यासाठी माहितीचा जो वापर होतो, तोच ते कर्ज झेपेल का हे पाहण्यासाठी करण्यात तांत्रिक अडचण नाही.

त्यामुळे पुढील पावले उचलणे अवघड नाही. मर्यादावाढीची विनंती ग्राहकाकडूनच यावी. सर्व कार्डांच्या मर्यादांची बेरीज वाजवी मुदतीत फेडता येईल का, ही कसोटी लावावी. सलग काही महिने केवळ किमान रक्कम भरणाऱ्याची मर्यादा वाढवू नये. उलट त्याला कमी व्याजाच्या हप्त्यांचा पर्याय द्यावा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला कार्डावरील व्यवहारांची मर्यादा स्वतः ठरवण्याची सोय दिली. तशीच एकूण कर्जाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोयही द्यावी, आणि ती वाढवायची झाल्यास मध्ये काही दिवसांचा विचारकाल ठेवावा. न वापरलेल्या मर्यादांसाठी भांडवल राखायला लावावे. रिझर्व्ह बँकेच्या मासिक आकडेवारीत कार्डांची संख्या आणि व्यवहारांचे मूल्य मिळते. त्यासोबत मंजूर मर्यादांची बेरीजही प्रसिद्ध व्हावी.

पत या शब्दाला आपल्याकडे विश्वासाचा अर्थ आहे. पतमर्यादा वाढवताना बँक ग्राहकावर विश्वास टाकते, असे सांगितले जाते. तसे असेल, तर त्या विश्वासाची जोखीम दोघांनीही उचलली पाहिजे. चुकीच्या अंदाजाचा सारा भार एकट्या ग्राहकाच्या माथी येत असेल, तर त्या संदेशातील अभिनंदन नेमके कोणाचे, असा प्रश्न उरतोच.