करमाफीच्या पाटीमागचा हिशेब

विजेवर चालणारी मोटार घ्या, पेट्रोलचा खर्च वाचवा, असा प्रचार बेळगाव-निपाणी भागात जोरात चालू आहे. गाडीला आमचा विरोध नाही. धूर कमी झाला तर तो सर्वांनाच हवा आहे. पण करमाफी म्हणजे ताम्रपट नव्हे, हे मराठी कुटुंबांनी सही करण्यापूर्वी समजून घ्यावे.

सरकारची चाल पाहा. कर्नाटकाने २०१६ साली विजेच्या गाड्यांचा रस्ता कर माफ केला आणि २०२४ साली २५ लाखांवरील गाड्यांवर १० टक्के आजीव कर बसवला. महाराष्ट्राने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. श्रीमंतांच्या गाडीचे आपल्याला काय, असे म्हणू नका. पेट्रोल-डिझेलचा विक्री कर हा राज्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. तो घटला की वसुली दुसरीकडून होणारच. आजीव कर एकदाच भरायचा असतो, विजेचा दर मात्र केव्हाही वाढतो.

आता घरातला हिशेब. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत पात्र घरांना महिना २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. २०० ओलांडले की सवलत जाते आणि सगळे बिल भरावे लागते. घरचा वापर ९० युनिट धरा. महिना १००० किलोमीटर गाडी चालवली, एका युनिटला सात किलोमीटर धरले, तर आणखी सुमारे १४५ युनिट. बेरीज २३५. म्हणजे गाडीची वीज तर विकत घ्यावी लागलीच, दिव्या-पंख्यांची मोफत वीजही गेली. शिवाय विजेवर ९ टक्के कर. मंजूर भार वाढवला की दरमहाचा स्थिर आकारही वाढतो. जुन्या गल्ल्यांतल्या आपल्या कित्येक घरांची मीटरे अजून आजोबांच्या नावावर आहेत. तिथे वारसांच्या सह्या आधी, गाडी नंतर! बाहेर चार्जिंग केले तर त्या सेवेवर १८ टक्के जी.एस.टी.

बँकेच्या काउंटरवर आम्हाला नेहमी विचारले जाते, ‘कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात दीड लाखांची सूट आहे ना?’ ती कलम ८०ईईबीची सूट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आज कोणी त्या सुटीच्या जोरावर गाडी गळ्यात मारत असेल, तर त्याच्याकडून लिहून घ्या. विजेच्या गाडीवर ५ टक्के जी.एस.टी. आहे हे खरे. पण सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाडीवरचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. किमतीतले अंतर पुन्हा मोजा.

काहीजण म्हणतात, कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या नावावर घेऊ. आपला रोटी-बेटीचा व्यवहार सीमा मानत नाही, पण मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ मानते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, आणि कराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. आपल्या वाटेवर कोगनोळीचा नाका आहे. तिथे विजेची गाडी म्हणून कोणी सोडत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. करमाफी किती वर्षांची, हे सरकारने कायद्यात लिहावे. गाडीच्या विजेपायी घरची सवलत बुडू नये. आणि हे नियम सीमाभागातल्या कार्यालयांत मराठीतही लावावेत. ज्याच्याकडून कर घ्यायचा, त्याला तो कळेल अशा भाषेत सांगायला नको का?

तोवर पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडा. हप्ता, विमा, वीज, बॅटरीची हमी संपल्यावरचा भाव, सगळे धरून. बेरीज पटली तर गाडी खुशाल घ्या.