आधी लाइट धर

लग्नाच्या फोटोग्राफीत शिकाऊ पोराच्या हाती पहिल्या दिवशी कॅमेरा येत नाही, लाइट येतो. एलईडी डोक्याच्या वर धरून उभं राहायचं, नवरा-नवरी वळले की आपणही वळायचं, एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीत कुणाची पैठणी अडकू द्यायची नाही आणि विधी चालू असताना ‘काका, लेन्स कुठली लावलीय?’ असं विचारायचं नाही. लाइटनंतर बॅटऱ्या चार्ज करणं येतं. मग मेमरी कार्डं सांभाळणं. कॅमेरा हाती येईतो एखादा सिझन सहज निघून जातो.

हौशी पोराला हे जिव्हारी लागतं. एक्स्पोजर म्हणजे काय ते यूट्यूबवर बघून त्याला पाठ झालेलं असतं. सिंहगडावरचे ढग आणि भाचीचा वाढदिवस टिपून झालेला असतो, त्याखाली मित्रांचं ‘भावा, जबरदस्त’ पडलेलं असतं. मग नात्यातल्या लग्नात कुणीतरी ‘तुझा कॅमेरा घेऊन ये रे’ म्हणतं आणि हाच धंदा करायचा असं ठरतं. तो स्टुडिओवाल्याकडे जातो आणि स्टुडिओवाला त्याच्या हाती लाइट देतो. कामधंद्यांवर लिहिणाऱ्या या सदराचं मत स्टुडिओवाल्याच्या बाजूचं आहे. निदान अर्धं. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे बोलू.

या कामात कॅमेरा यायच्या आधी लग्न यावं लागतं. अंतरपाटाचंच बघा. मंगलाष्टकं लांबत जातात. मावशी म्हणते, आत्या म्हणते, सुराशी फारसा संबंध नसलेले एक काकाही स्वतः रचून आणलेलं कडवं म्हणून घेतात. तेवढ्या वेळात नवखा शेकड्याने फोटो काढतो. नेमका अंतरपाट खाली येतो तेव्हा त्याचा फ्लॅश चार्ज होत असतो, किंवा ऑटोफोकस कापडावरच अडकून बसलेला असतो, किंवा समोर मामांची रुंद पाठ असते. जुना फोटोवाला या सगळ्या वेळात मोजके फोटो काढून गप्प उभा असतो. त्याची नजर नवरीवर नसतेच, भटजींच्या हातावर असते आणि वाजंत्रीवाल्यांना खूण करायला मागे वळणाऱ्या माणसावर असते. ती खूण शेवटच्या ‘सावधान’च्या जरा आधी होते. तोवर हे गृहस्थ कापडाच्या रेषेत, दोन्ही चेहरे बाजूने दिसतील अशा जागी, कार्यालयातून आधीच मागवून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढलेले असतात. अक्षतांचा पहिला मारा जोराचा असतो, तेव्हा दोघांचे डोळे मिटलेले असतात. मोकळं हसू येतं ते नंतर, हार हातात घेताना. त्यांचं बोट तोवर बटणावर नुसतं टेकलेलं असतं.

सूनमुखाचंही तसंच. सासू आरशात सुनेचं मुख बघते. नवखा समोर उभा राहून फोटो काढतो, आणि घरी येऊन बघतो तर आरशात सुनेच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा, त्याच्याखाली स्वतःचा चेहरा. कानपिळीला नवरीचा भाऊ पुढे येतो, एक पीळ, एक हशा, की संपलं. त्या वेळी बॅटरी बदलत बसलेल्याला दुसरी संधी नाही. लाजाहोमाच्या धुरात फोकस भरकटतो. हळदीत सगळंच पिवळं असतं, आणि त्यावर मांडववाल्याने हौसेने लावलेला जांभळा पार लाइट पडला की माणसांच्या कातडीचा मूळ रंग कोणता होता हे संगणकावर बसून आठवावं लागतं. लाइट धरणारा पोरगा हे सगळं तीन फुटांवरून बघत असतो, आणि फोटो चुकण्याची भीती त्याच्या डोक्यावर नसते. इतकी चांगली जागा त्याला पुन्हा मिळत नाही.

पुन्हा महाराष्ट्रात लग्न म्हणजे एकच लग्न नव्हे. बौद्ध पद्धतीत अंतरपाट नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील होतं, तिथे वाजंत्रीच्या खुणेची वाट बघणारा बघतच राहतो. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 साली सुरू केलेल्या पद्धतीत भटजीच नाहीत, तेव्हा त्यांच्या हातावर लक्ष ठेवायचा प्रश्नच मिटला. वसईच्या चर्चमध्ये वेदीजवळ कुठवर जायचं आणि फ्लॅश मारायचा का, हे फादरना आधी विचारून घ्यावं लागतं. निकाहमध्ये नवरा-नवरीची कबुली बहुतेकदा वेगवेगळ्या खोल्यांत घेतली जाते, आणि नवरीकडच्या खोलीत बाई फोटोग्राफर असली तरच काम होतं. एका सिझनमध्ये यातली तीन-चार लग्नं बघितलेल्या पोराला समाजाबद्दल जे कळतं, त्याला पदवीच्या अभ्यासक्रमात जागा नाही. बंगळुरूच्या महेश शांताराम यांनी लग्नांची कामं करता करताच झगमगाटाच्या कडेचं जग टिपलं आणि त्यातून ‘मॅट्रिमेनिया’ ही गाजलेली छायाचित्रमालिका उभी राहिली.

आता ‘कँडिड’ या देवाबद्दल. नव्या पोरांना स्टेजवरचे रांगेतले फोटो म्हणजे कमीपणा वाटतो. ‘आम्ही कँडिड करतो’ हे वाक्य ते जात सांगितल्यासारखं सांगतात. कँडिडची थोरवी खोटी नाही. 1996 च्या सप्टेंबरात अमेरिकेत जॉन केनेडी ज्युनियरचं लग्न एका बेटावरच्या चिमुकल्या लाकडी चर्चमध्ये गुपचूप झालं. बाहेर पडताना त्याने नवरीचा हात ओठांशी नेला आणि डेनिस रेगी यांनी तो क्षण पकडला. तो एक फोटो जगभर छापला गेला आणि लग्नाचा फोटोग्राफर बातमीदारासारखाही काम करू शकतो हे लोकांना पटलं. आपल्याकडे 11 डिसेंबर 2017 रोजी इटलीतल्या टस्कनीत विराट कोहली आणि अनुष्का शर्माचं लग्न झालं. ते टिपणारे जोसेफ राधिक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकून, नोकरी करून मग या धंद्यात आलेले. त्यानंतर टस्कनीचा तो मऊ प्रकाश बार्शीच्या मंगल कार्यालयात भर दुपारी दोन वाजता मागितला जाऊ लागला. पत्र्याच्या छपराखाली ट्यूबलाइट आणि एलईडी वॉल एकाच वेळी जळत असताना तो कुठून आणायचा, हे मागणाऱ्याला सांगता येत नाही आणि शिकाऊ पोराला विचारता येत नाही.

पण अल्बम घरी आल्यावर लोक काय बघतात? बोटाने चेहरे शोधतात. ‘नागपूरची काकू आली होती ना? मग कुठाय?’ नवरीच्या पापणीवरचा थेंब सुंदर आलेला असतो, पण काकू सापडत नाही आणि पुढची दहा वर्षं ते ऐकून घ्यावं लागतं. जुना फोटोवाला स्टेजच्या पायऱ्यांशी उभा राहून ‘मामाकडचे झाले, आता आत्याकडचे’ असं ओरडतो, ते याच धास्तीने. रोलच्या काळात त्याच्या हाती 36 फोटो असायचे. हात बसलेला माणूस त्यातून 37 वा, कधी 38 वाही काढायचा. त्या मोजणीने त्याला कुणाला वगळायचं नाही हे शिकवलं. एकाच दिवसाच्या कामाला कँडिडवाल्याला कितीतरी जास्त पैसे आणि रांगा लावणाऱ्याला कमी, ही सध्याची वाटणी या सदराला उलटी वाटते.

शिवाय लग्नाचा फोटो नुसता हौसेचा नाही. महापालिकेत विवाह नोंदवायला लग्नपत्रिकेसोबत विधीचा फोटो लागतो, थेंबाचा चालत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. आवश्यक विधीच झाले नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केलं. वाद कोर्टात गेला की पहिली शोधाशोध अल्बमची होते. सप्तपदीच्या वेळी जेवणाच्या हॉलमधल्या जिलेबीचा कलात्मक क्लोजअप घेत बसलेल्या पोराला हे कुणीतरी सांगायला हवं.

हुकलेला क्षण किती महागात पडू शकतो याचा एक अमेरिकी किस्सा प्रसिद्ध आहे. 2003 साली न्यूयॉर्क राज्यात झालेल्या एका लग्नाची शेवटची 15 मिनिटं टिपली गेली नाहीत, म्हणून नवरदेवाने काही वर्षांनी स्टुडिओवर दावा लावला. भरपाईत सगळा समारंभ पुन्हा घडवून फोटो काढण्याचा 48,000 डॉलरचा खर्चही मागितला होता. तोवर ते जोडपं विभक्त झालेलं होतं. आपल्याकडेही अल्बम न देणाऱ्या फोटोग्राफरांना ग्राहक आयोगांनी भरपाई द्यायला लावल्याची उदाहरणं आहेत.

आता ते राहिलेलं अर्धं मत. लाइट धरायला लावा, पण फुकट नको. ‘शिकायला मिळतंय ना’ हा या धंद्यातल्या पगाराचा मोठा भाग झाला आहे. पोरगा पहाटे हळदीला हजर असतो, रात्री पाठवणीनंतर हार्डडिस्कवर डेटा उतरवून मगच सुटतो, आणि हाती पडतात पेट्रोलचे पैसे. पुढे त्याला कॅमेरा मिळतो, त्याने काढलेले फोटो स्टुडिओच्या नावाने झळकतात, आणि हे आपले आहेत असं म्हणायची त्याला चोरी. कायदाही त्याला फार साथ देत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो वधू-वरांकडच्यांचे. स्टुडिओचेही नाहीत, मग पोराचे कुठून? कलम 57 मात्र कर्त्याला आपलं नाव सांगायचा हक्क देतं. मालकी गेली तरी तो हक्क जात नाही.

नाव न लागण्याची गोष्ट जुनी आहे. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांची मुंबईतली सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये एका फोटोला एक रुपया मिळे. मुली आज लग्नं टिपतात, नवरीच्या खोलीत त्यांनाच बोलावलं जातं, तरी कार्यालयाच्या दाराशी ‘फोटोग्राफर कधी येणार?’ हा प्रश्न गळ्यात कॅमेरा असलेल्या मुलीलाच विचारला जातो.

आणि सिझन म्हणजे बारा महिने नव्हे. तुळशीच्या लग्नानंतर तारखा धरतात, चातुर्मासात सगळं थंड. 2024 च्या मे महिन्यात शुक्र आणि गुरू दोन्ही अस्ताला गेलेले होते, तेव्हा ऐन उन्हाळ्यात मुहूर्त जवळजवळ नव्हते. कर्ज काढून कॅमेरा घेतलेल्याचा हप्ता मात्र ग्रहांकडे बघत नाही. नव्या पोराने म्हणूनच पहिल्या सिझनमध्ये लेन्स भाड्याने आणावी, कार्डं दुप्पट न्यावीत आणि विकत काहीही घेऊ नये, असं या सदराचं सांगणं आहे.

बुकिंगच्या कागदावरही दोन ओळी वाढवायला हव्यात. मदतनिसाचा दिवसाचा रोज किती, आणि त्याला स्वतःच्या खात्यावर किती फोटो स्वतःच्या नावाने टाकता येतील. वधू-वरांची लेखी परवानगी त्याच कागदावर घ्यावी, म्हणजे नंतर कटकट नको. जागा उरलीच तर जेवणाचंही लिहावं. फोटोवाले जेवायला पोचतात तेव्हा पुऱ्या संपलेल्या असतात, मठ्ठ्याच्या पिंपात तळ दिसत असतो आणि केटरर टेबलांवरची कापडं गोळा करत असतो.